ठिपक्यांचं पिल्लू आणि इंजिनरूमच्या खुणा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. जातिवंत कुत्री पाळणं, त्यांची वंशावळ मिरवणं, त्यांना रिंगणात फिरवून कप मिळवणं हा प्रकार मला तेव्हा पटत नव्हता आणि आजही पटत नाही. माणसांच्या जातींनी आपलं पुरेसं वाटोळं केलंय. तीच कीड कुत्र्यांना लावायची काय गरज? हे वाक्य माझंच, एका पत्रकातलं. सायक्लोस्टाइलवर काढलेली ती पत्रकं आम्ही मैत्रिणींनी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वाटली होती. पत्रक होतं नगरपालिकेच्या विरोधात. कुत्री फार झाली अशी तक्रार आली की नगरपालिकेची माणसं विष घातलेले मटणाचे तुकडे टाकत गल्लोगल्ली फिरायची. ज्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला पितळी बिल्ला, त्याला मालक वेळेवर घरात ओढून घ्यायचा. बाकीची गटाराच्या कडेला पाय ताणून पडलेली दिसायची. मी लिहिलं होतं, बिल्ला हा जगण्याचा परवाना असेल, तर तो देणारे तुम्ही कोण?

त्याच दिवशी, बोटांवरची शाई निघायच्या आत, मी घरी आले तर अंगणात फणसाखाली एक पांढरीशुभ्र, काळ्या ठिपक्यांची, लांब पायांची कुत्री बसलेली. गळ्यात चामड्याचा पट्टा. समोर बाबा उकिडवे बसून तिला ताटलीतून माशाचा भात भरवत होते.

"ही कोणाची?" मी विचारलं.

बाबांनी वर पाहिलं नाही. आतून आईच ओरडली, "कोणाची काय, आपलीच. तू पत्रकं वाट, हे कुत्री पाळतील, आणि मी एकटी मासे साफ करत बसतंय."

बाबांना ऐकू यायचं नाही. म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर यायचं, तेही निम्मंच. ते बोटीवर तेलवाले होते. बोटीच्या पोटात इंजिनरूममध्ये उभं राहून यंत्रांना तेल घालायचं, कुठलं बेअरिंग तापलंय का ते हाताची पाठ लावून बघायचं, असं त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. तिथल्या आवाजात माणूस शेजारच्याशीही बोलू शकत नाही. कानांना संरक्षण म्हणून काय होतं? कापूस. तोही आपला आपण आणायचा. कान पूर्ण गेल्यावर कंपनीने त्यांना घरी पाठवलं. यावरही मी एक पत्रक काढलं होतं. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

घरात आम्ही सगळी ओरडूनच बोलायचो. आई तर सवयीने "अहो, ऐकलंत का" अशी सुरुवात करायची, आणि बाबा सोडून सगळी गल्ली ऐकायची. हळूहळू बाबांना ओरडून सांगण्याइतकं महत्त्वाचं काय, याची यादी आखूड होत गेली. जेवण, औषध, आणि कोण वारलं ते. बाकीचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून आमचं आमच्यातच व्हायचं.

कुत्री आली ती बाबांच्या जुन्या चीफ इंजिनियरांकडून. चीफसाहेब मुंबई सोडून कायमचे मुलाकडे परदेशी निघाले. कुत्री नेता येईना, तेव्हा त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. त्यांच्याकडे पहिल्यापासून डाल्मेशियन, म्हणजे ही ठिपक्यांची जात, असायची, आणि शोची भारी हौस. बोट मुंबईला लागली की बाबा त्यांचं सामान घरी पोचवायला जायचे. एकदा शोलाही गेले होते. कुत्र्याची साखळी धरून नव्हे, पाण्याची बादली धरून. ते रिंगण, ती आत ऐटीत चालणारी माणसं, बाबांच्या मनात घर करून राहिली होती. आपल्या अंगणात जन्मलेलं एक पिल्लू घेऊन आपणही एकदा त्या दोरीच्या आत उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा. हे मला आईने सांगितलं. माझ्याशी ते इतकं कधी बोलले नव्हते.

मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. ओरडून. वंशशुद्धी, वर्गभेद, गटारातली मेलेली कुत्री, सगळं. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन ऐकत उभ्या राहिल्या. माझं संपल्यावर बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "घसा बसेल तुझा. पाणी पी."

कुत्रीचं नाव कागदावर भलंमोठं इंग्रजी होतं. बाबा तिला नुसतं "बाय" म्हणायचे. रोज संध्याकाळी मांडवीच्या काळ्या वाळूवर तिला पळवायचे. काळ्या किनाऱ्यावर ती पांढरी कुत्री इतकी लांबून दिसायची की होड्या ओढणारी माणसं क्षणभर थांबून बघायची. मीही बघायचे. बघायला माझी तत्त्वं आड येत नव्हती.

बाय माजावर आली तेव्हा जवळपास तिच्या जातीचा नर नव्हता. चीफसाहेबांनी जाताना कोल्हापूरच्या एका निवृत्त फौजी साहेबांचा पत्ता दिला होता. त्यांच्या नराने पुष्कळ कप घेतलेले. एसटीवाले कुत्री घेईनात. मग बाबा तिला घेऊन मासळीच्या ट्रकमध्ये बसले, बर्फाच्या पेट्यांना टेकून, आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला गेले. साहेबांनी फाटकातच नाक धरलं म्हणे. "दर्यावर्दी, तुमची कुत्री हाय का सुरमई?" तीन नळांखाली आंघोळ घातल्यावर तिला आत घेतलं.

या लोकांत एक पद्धत आहे. नराचा मालक पैसे घेत नाही. पिल्लं झाली की तो येतो आणि सगळ्यांच्या आधी आपल्या पसंतीचं एक उचलतो. कोणतं, ते तोच ठरवणार. तसं ठरलं.

पिल्लं झाली ती पांढरी. नुसती पांढरी, खोबऱ्याच्या वडीसारखी. एकाच्याही अंगावर ठिपका नाही.

झालं. गल्लीला विषय मिळाला. काकू म्हणाल्या, "कोल्हापूरपर्यंत गेली ती, पण मन बसलं वाटतं कुठल्या तरी घाटी पांढऱ्यावर." मासे घेऊन येणारी मावशी पाटी उतरवून म्हणाली, "ट्रकमध्ये बर्फावर बसवलीत ना तिला? मग पोरं अशीच होणार." आई लाजेने कुंपणाकडे जाईनाशी झाली, जणू तिच्याच सुनेचं काही बाहेर आलं होतं. मी मात्र खूश. वंशावळीच्या तोंडात चांगली बसली, असं मला वाटलं. मी ते काकूंना बोलूनही दाखवलं, बायच्या स्वातंत्र्याच्या बाजूने.

बाबांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते तासन्‌तास पिल्लांपाशी बसायचे. हाताची पाठ एकेकाच्या पोटाला लावून बघायचे, तापलंय का, गार पडलंय का. बेअरिंगला लावायचे तशीच.

मग एका सकाळी आई पिल्लांचं फडकं बदलताना थांबली. कातडीखाली काळं काही दिसायला लागलं होतं, कागदामागून शाई उतरावी तसं. चारेक दिवसांत ठिपके वर आले. डाल्मेशियनची पिल्लं पांढरीच जन्मतात आणि ठिपके मागाहून येतात, हे बाबांना चीफसाहेबांकडून पहिल्यापासून माहीत होतं.

"अहो, मग बोलायचं नाय का?" आई त्यांच्या कानात ओरडली. "मी तोंड लपवून फिरतंय."

"विचारलंस कुठं?" बाबा म्हणाले.

सगळ्यांत देखणं निघालं ते एक नर पिल्लू. ठिपके नाण्यासारखे गोल, सुटे सुटे, कुठे एकमेकांत मिसळलेले नाहीत. उजव्या कानामागे एक मोठा. बाबा त्याला उचलून उजेडात धरायचे आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला दुसरीकडे बघावं लागायचं. रिंगणात जायचं ते हेच, हे न बोलता ठरलं होतं. साहेबांनी ते उचललं नाही म्हणजे मिळवलं.

त्यातली गोम लक्षात आली आईच्या. मासेवाली मावशी दारात येऊन हाळी द्यायची ती अशी की वळचणीची कबुतरं उडायची. हाळी झाली की पिल्लं धडपडत उठायची. हे एक झोपलेलंच. बाकीची त्याच्या अंगावरून तुडवत गेली की मग डोळे उघडायचं आणि इकडेतिकडे बघायचं. आईने त्याच्या मागे जाऊन पितळेचं ताट पलित्याने, म्हणजे उलथण्याने, बडवलं. बाय दचकून पळाली. पिल्लू शेपटीशी खेळत राहिलं.

आई पलिता घेऊन तशीच उभी. मग बाबांकडे बघून, ओरडता ओरडता आवाज खाली आणून मला म्हणाली, "ह्यांना सांगू नको इतक्यात."

पण बाबांना कळलेलं होतं. आधीच. ते पिल्लांपाशी बसून हातवारे करायचे, ते मला माश्या हाकलल्यासारखे वाटायचे. तसं नव्हतं. इंजिनरूममध्ये बोलता येत नाही म्हणून खलाशांची हातांची भाषा असते. तळवा खाली, म्हणजे थांब. दोन बोटं आपल्याकडे, म्हणजे ये. मूठ वळवली की बंद कर. अंगठा ओठाला, म्हणजे चहा. तळहात छातीवर ठेवला की इंजिन ठीक चाललंय, काळजी नको. माणसांनाही तिथे नावं नसतात, खुणा असतात. सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, मिशी पिळायची. बाबांना हाताची पाठ दाखवायची. या पिल्लाला बाबांनी खूण दिली होती, दोन बोटं उजव्या कानामागे. ते त्यांच्याकडे टक लावून बघायचं आणि तळवा खाली गेला की मटकन बसायचं.

आता मूळ गोष्टीवर येते. या जातीत बहिरी पिल्लं निघतात. निघाली तर काय करायचं हेही ठरलेलं असतं. ठिपके वाईट आले तर स्वस्तात देतात. बहिरं असेल तर डॉक्टरकडून सुई देऊन संपवतात. हे चीफसाहेबांच्या घरी बाबांनी पाहिलेलं होतं. तिथे कुणी क्रूर नव्हतं. चीफसाहेबांच्या बाई त्या दिवशी जेवल्या नव्हत्या म्हणे. पण सुई दिली होती.

कोल्हापूरचे साहेब आले ते जीप घेऊन. दणकट, पांढऱ्या मिशांचे, आणि आवाज असा की बाबांनाही ऐकू यावा. आईने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं होतं. खाऊन झाल्यावर ते अंगणात खुर्ची टाकून बसले आणि पिल्लं सोडायला सांगितलं.

पिल्लं सुटली. एकाने साहेबांच्या बुटाची नाडी धरली, दोन कुंपणाकडे पळाली. ते पिल्लू तेवढं समोर बसून साहेबांच्या हाताकडे आणि तोंडाकडे बघत राहिलं.

"ह्येला म्हणतात कुत्रं," साहेब म्हणाले. "नजर हलवत न्हाई बघा. एवढ्या गलक्यात एक शांत. हे आपलं."

आई पदर खोचून पुढे झाली. "साहेब, हा बघा ना. हा जास्त खातो. अंगाने भरणार हा."

"खाणारा घरी हाय आमच्या, वहिनी. आम्हीच."

"मग ही घ्या. ही रडत नाय."

"अवो, तुम्ही काय भाजी विकताय का? मला कळतंय की."

साहेबांनी ते पिल्लू मांडीवर घेतलं. मी बाबांकडे बघत होते. गप्प राहिलं तर पिल्लू कोल्हापूरला जाणार, आठवडाभरात तिथे कुणी ताट वाजवणार, आणि मग सुई. सांगितलं तर सुई इथेच, आमच्या अंगणात, आणि वर त्यांची शोची आशाही संपली. मी पत्रकांत खूप लिहिलं होतं, कुणी कुणाच्या जगण्याचा निकाल द्यायचा यावर. माझ्या समोर, फणसाखाली, तोच प्रश्न साहेबांच्या मांडीवर बसून त्यांचं बटण चाटत होता.

"साहेब," बाबा म्हणाले, "तो ऐकत नाही."

"शिकवू की. फौजेत गाढवं शिकवलीत मी."

"तसं नाही. त्याला ऐकूच येत नाही."

साहेबांनी पिल्लाच्या डोक्यामागे टाळी वाजवली. कुंपणाजवळची पिल्लं वळली. याने वळून पाहिलं नाही. साहेबांनी पुन्हा वाजवली. मग पिल्लाला हळूच खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला तो खरा होता, हे मला मान्य करावं लागेल.

"मग काय करायचं ते तुम्हाला ठाऊक हाय," ते म्हणाले. आवाज त्यांच्या मानाने मऊ केला होता, तरी बाबांपर्यंत पोचत होता. "असलं कुत्रं झोपेत हात लावला तर चावतं. गाडीचा आवाज ऐकू येत न्हाई, चाकाखाली जातं. आणि पुढं वीण झाली की आणखी बहिरी. वाईट वाटतं हो, पण आमच्यात हीच पद्धत. जनावराच्या भल्यासाठीच."

"नगरपालिकासुद्धा हेच म्हणते," मी म्हणाले. "भल्यासाठी. ती निदान उघड म्हणते की आम्हाला त्रास होतो म्हणून मारतो. तुम्ही वर दयाही दाखवता. ठिपके गोल आहेत का बघणार, कान चालतात का बघणार, नाही चालले तर सुई. आणि याला छंद म्हणणार."

"पोरगी वकील हाय का?" साहेबांनी आईला विचारलं.

"पत्रकं वाटते," आई म्हणाली. आणि मग, जी बाई माझ्या पत्रकांत सुके बोंबील बांधायची ती म्हणाली, "बरोबर बोलतेय ती."

बाबांना आमचं बोलणं ऐकू आलं नसावं. त्यांनी मूठ वळवली. बंद कर. ती खूण मला तेव्हा येत नव्हती, तरी मी गप्प झाले. ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. पिल्लू त्यांच्याकडे बघत होतंच. बाबांनी दोन बोटं कानामागे लावली, मग आपल्याकडे वळवली. पिल्लू सगळ्यांच्या पायांतून वाट काढत सरळ त्यांच्याकडे गेलं. तळवा खाली. बसलं.

"वीण होऊ देणार नाही त्याची," बाबा म्हणाले. "ते तुमचं बरोबर आहे. रस्त्यावर मोकळा सोडणार नाही. तेही बरोबर. पण साहेब, माझे कान गेले तेव्हा कंपनीने मला घरी पाठवलं. सुई नाही दिली."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग उठून आईने दाखवलेलं, जास्त खाणारं पिल्लू उचललं.

"रिंगणात आणू नका त्याला," जीपमध्ये बसताना ते म्हणाले.

"नाही आणणार," बाबा म्हणाले.

त्यानंतर बाकीची पिल्लं चांगल्या घरी गेली. बाबांनी शोसाठी एक मादी पिल्लू ठेवलं, त्याच्या बहिणींपैकी एक. ठिपके साधारण, स्वभाव घाबरट. तिला साखळीवर चालवायला शिकवायचे, आणि तो शेजारून बघत आपला आपणच शिकायचा.

घरात वेगळंच काही व्हायला लागलं. बहिऱ्या कुत्र्याला हाक मारता येत नाही. चुलीपाशी गेला, आईने ओरडून काय उपयोग? तिने बाबांना विचारलं, "थांब कसं म्हणायचं?" बाबांनी दाखवलं. मग ये, मग जा, मग खाली ठेव. मीही शिकले. त्याला मागून हात लावायचा नाही, आधी जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे त्याला हादरा कळतो. चहाची खूण तर तो असा शिकला की बाबांनी अंगठा ओठाला लावला की स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पायावर पंजा ठेवायचा.

आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की आई ओरडत नाही. ती दारात उभी होती, बाबा अंगणात. तिने जमिनीवर पाय आपटला, बाबांनी वर पाहिलं, तिने अंगठा ओठाला लावून भुवया उंचावल्या. बाबांनी तळहात छातीवर ठेवला. काकू कुंपणाशी उभ्या होत्या, त्यांना काही कळलं नाही, आणि त्या खट्टू होऊन परत गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरातलं बोलणं घरात राहिलं होतं.

मग खुणा वाढत गेल्या. इंजिनरूममध्ये नसलेल्याही. काकूंसाठी एक झाली, ती इथे सांगत नाही. नगरपालिकेसाठी एक झाली, ती तर नाहीच. मी संध्याकाळी सभेहून आले की बाबा हाताने विचारायचे, काय झालं? आणि मी सांगायचे. भाषण हाताने करता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा. जे खरं आहे तेवढंच सांगावं लागतं.

पुढच्या थंडीत कोल्हापूरला शो होता. आईला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं म्हणून ती निघाली, आणि मी निघाले ते विरोध नोंदवायला. बायला काकूंकडे ठेवलं, पण ही दोन्ही घेतली, कारण बहिऱ्याला मागे कुणाकडे ठेवणार? खुणा येणारं रत्नागिरीत दुसरं कोण होतं? पुन्हा तोच मासळीचा ट्रक. यावेळी तीन नळांची आंघोळ बाबांनी आधीच ठरवून ठेवली होती.

मैदानावर दोरी बांधलेली, कर्णे लावलेले, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. बाबांनी बोटीवरचा जपून ठेवलेला पांढरा शर्ट घातला होता. त्यांची पाळी आली आणि ते बहिऱ्याच्या बहिणीला घेऊन दोरीच्या आत गेले. मी त्याला घेऊन बाहेर, दोरीला लागून उभी. आई देवळातून आली होती, कुंकवाने कपाळ भरलेलं.

आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की या गोष्टीचा विचार कुणीच केला नव्हता. परीक्षक आतून सांगत होते, फिरवा, थांबा, वळवा. बाबांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बाकीची माणसं फिरली, बाबा उभेच. परीक्षक पुन्हा म्हणाले. लोक हसायला लागले.

मी पाय आपटला, पण गवतावर काय कळणार? मग मी दोरीवरून हात उंच केला. बाबांनी पाहिलं. फिर, मी हाताने सांगितलं. ते फिरले. थांब. थांबले. परीक्षक बोलायचे, मी हाताने सांगायचे. ज्या प्रकाराला माझा विरोध होता तो मी दोन्ही हातांनी चालवत होते. बहीण मात्र कर्ण्याच्या आवाजाने इतकी बिचकली की दर थोड्या वेळाने बसकण मारायची. आणि माझ्या पायाशी तो. मी थांब म्हटलं की खांबासारखा उभा, मान वर, शेपटी सरळ. कर्णा किंचाळला तरी पापणी हलत नाही. आता लोक आत बघायचे सोडून त्याच्याकडे बघायला लागले.

परीक्षकही दोरीशी आले. "हा आत का नाही?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "माझ्या कुत्र्याचा मुलगा हाय तो." साहेब उभे होते, हातात त्या जास्त खाणाऱ्याची साखळी. "ऐकायला येत न्हाई त्याला. बाकी सगळं येतं."

परीक्षकांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग आतल्या बाबांकडे पाहिलं, आणि परत गेले.

बहिणीला काही मिळालं नाही. मिळण्यासारखं नव्हतंच. कप मिळाला साहेबांच्या पिल्लाला, आईने जबरदस्तीने गळ्यात मारलेल्या त्याच. कर्ण्यावरून नाव पुकारलं, आणि मग पद्धतीप्रमाणे हेही पुकारलं की हे पिल्लू कुणाच्या घरी जन्मलं. बाबांचं पूर्ण नाव, आणि पुढे रत्नागिरी. सगळ्या मैदानाने ऐकलं. बाबा रिंगणात बहिणीची समजूत काढत बसले होते.

मी हात वर केला आणि अडले. असल्या गोष्टीसाठी इंजिनरूममध्ये खूण नव्हती. तिथे कधी कुणाचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. मी आईकडे वळले, तर तिने कर्ण्याकडे बोट दाखवलं, मग बाबांना हाताची पाठ दाखवली, त्यांची खूण. आणि तळहात छातीवर ठेवला. बाबांनी कर्ण्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग सावकाश उभे राहिले आणि शर्ट नीट केला.

परतीला ट्रक रिकामा होता. मागे रिकाम्या पेट्या, बाबा, मी आणि दोन कुत्री. आई पुढे ड्रायव्हरशेजारी. घाटात ट्रक उतरायला लागला तसा इंजिनाचा आवाज एवढा वाढला की मी बाबांना शो या प्रकाराबद्दल माझं मत पुन्हा एकदा सांगत होते, ते माझं मलाच ऐकू येईना. बाबा हसले. त्यांनी कानावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे बोट केलं. आता तूही.

मग मी हाताने सांगितलं. पटलं नाही. तरी चांगलं होतं. एवढंच.

त्यांनी मान डोलावली. हाताची पाठ माझ्या कपाळाला लावली, जरा वेळ ठेवली.

पुढच्या खिडकीच्या जाळीतून आईचा चेहरा दिसला. तिने अंगठा ओठाला लावला. बाबा वळायच्या आत, बहीण झोपेतच असताना, तो उठून उभा राहिला होता.